रिमोटच्या विमानाची फेरजुळणी : प्रकल्प नोंदी, मिरज

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेसाठी बहीण आली होती. तिच्याबरोबर आलेल्या भाच्याला विमान उडताना दाखवावे म्हणून संध्याकाळी आम्ही मालगाव रस्त्याकडच्या शेतात गेलो. सोयाबीन काढून झाल्यावर मालकाने हे शेत सुरू हंगामाच्या उसासाठी मोकळे ठेवले आहे, त्यामुळे जानेवारीपर्यंत ते आम्हाला उड्डाणासाठी मिळणार आहे. दुसऱ्या उड्डाणाच्या पाचव्या मिनिटाला, सुमारे ४० मीटर उंचीवर डावे वळण घेत असताना विमान ऐकेनासे झाले. मोटर थांबली, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे, विमान वळवणारे हलते भाग) होते त्याच कोनात राहिले आणि विमान नाक खाली करून ढेकळांत आदळले. आदळण्यापूर्वी क्षणभर एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग, हललेला मला स्पष्ट दिसला. म्हणजे ताबा परत आला होता, पण तोवर उंची संपली होती.

भाचा लगेच म्हणाला, "मामा, सिग्नल गेला." माझ्या मनातही प्रथम तेच आले. परंतु विमान माझ्यापासून दीडशे मीटरच्या आत होते, मध्ये झाड किंवा इमारत नव्हती आणि हातातल्या ट्रान्समीटरच्या बॅटऱ्या आदल्या रात्रीच चार्ज केलेल्या होत्या. बॅटरी सोडवण्यापूर्वी विमानातल्या रिसीव्हरकडे पाहिले, तर त्याचा दिवा लुकलुकत होता. त्याच्याबरोबर आलेल्या पत्रकाप्रमाणे, चालू असताना रिसीव्हरची वीज तुटून परत आल्याची ही खूण आहे. म्हणून सिग्नलचा विचार बाजूला ठेवला आहे. शोध विजेपासून सुरू करायचा.

नुकसान : धडाचा पुढचा भाग, प्रोपेलर, मोटरचा माउंट. पंख शाबूत आहे.

५ नोव्हेंबर

धड उघडून रिसीव्हरला काय काय जोडले होते ते कागदावर लिहून काढले. चार ९ ग्रॅमचे सर्व्हो (एलेरॉनसारखे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), तोल सांभाळणारा जायरो, पंखाखालच्या ५ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या, हरवलेले विमान शोधण्यासाठीचा बझर आणि बॅटरीचे व्होल्टेज जमिनीवर पाठवणारा टेलिमेट्री सेन्सर. यातील प्रत्येक गोष्ट गेल्या दोन वर्षांत मीच एकेक करून, काहीतरी सोय किंवा सुरक्षितता वाढावी या हेतूने जोडली. त्या सर्वांना वीज मात्र एकाच ठिकाणाहून मिळत होती : मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीच्या पोटातील बीईसीमधून, म्हणजे मुख्य बॅटरीच्या व्होल्टेजमधून रिसीव्हरसाठी ५ व्होल्ट काढून देणाऱ्या भागातून.

हा बीईसी लिनिअर प्रकारचा आहे. लिनिअर रेग्युलेटर नको असलेले व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट देते. त्यातून ५ व्होल्ट काढायचे तर ७.६ व्होल्ट जाळावे लागतात, आणि रिसीव्हरकडे १ अँपिअर जात असेल तर ही उष्णता ७.६ वॅट होते. बंद धडात, प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेल्या आगपेटीएवढ्या वस्तूला इतकी उष्णता बाहेर टाकणे जमत नाही. ईएससीच्या पत्रकात बीईसी २ अँपिअरचा असल्याचे ठळक छापलेले आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात दोन सेलवर पाच सर्व्हो, तीन सेलवर चार सर्व्हो अशी मर्यादाही दिलेली आहे. चार सर्व्हो लावले तेव्हाच मी मर्यादेवर होतो. त्यानंतरची प्रत्येक भर मर्यादेपलीकडची होती.

९ नोव्हेंबर, शनिवार

अंदाजावर थांबायचे नव्हते, म्हणून कुपवाड एमआयडीसीत मी काम करतो तेथील, व्होल्टेजचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप सुटीनंतर वापरण्याची परवानगी घेतली. साधा मल्टिमीटर या कामाला पुरत नाही, कारण तो सरासरी दाखवतो आणि काही मिलिसेकंदांची व्होल्टेजची घसरण त्याच्या आकड्यात दिसतही नाही.

प्रोपेलर काढून, जुनी जोडणी जशीच्या तशी टेबलावर मांडली, ईएससीवर कापड टाकून बंद धडासारखी स्थिती केली आणि ट्रान्समीटरच्या दोन्ही काड्या सतत गोल फिरवत राहिलो. सुरुवातीला ५.०२ व्होल्ट होते. तीन मिनिटांनी सर्व्हो एकदम हलले की ४.६ पर्यंत खळगे पडू लागले. पाच मिनिटे होत आली तेव्हा रेषा ४.१ वर आली आणि एका खळग्यात ३.२ ला टेकली. त्याच क्षणी रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. ट्रान्समीटरशी पुन्हा जुळायला त्याला दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला. शेतात दिसले होते ते आता टेबलावर दिसत होते.

मोटर का थांबली आणि पुन्हा का फिरली नाही, तेही उलगडले. ईएससीमधला मायक्रोकंट्रोलर याच ५ व्होल्टवर चालतो. वीज खचली तेव्हा रिसीव्हरबरोबर तोही पुन्हा सुरू झाला, आणि सुरू होताना थ्रॉटल, म्हणजे मोटरच्या वेगाची काडी, पूर्ण खाली नसेल तर सुरक्षिततेसाठी तो मोटर फिरवत नाही. त्याने नियमाप्रमाणेच काम केले.

१० नोव्हेंबर, रविवार

जायरो, दिवे, बझर आणि टेलिमेट्री काढून तीच चाचणी पुन्हा घेतली. रेषा बरीच सुधारली, पण डावा एलेरॉन जोरात हलवला की तो मध्येच थरथरत होता. उजवा थरथरत नव्हता. सर्व्हो अदलाबदल करून पाहिले, थरथर डावीकडेच राहिली. म्हणजे दोष सर्व्होत नव्हता, पंखातून जाणाऱ्या ३० सेंटिमीटरच्या एक्स्टेन्शन वायरमध्ये होता.

ही वायर मी गेल्या वर्षी जुन्या डब्यातून काढली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा मी सांगलीत गावभागात तळमजल्यावर राहत होतो, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातील हा डबा कित्येक दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर वायरी धुतल्या, वाळवल्या, मल्टिमीटरचा बीप वाजतो का ते पाहिले आणि वाजला म्हणून ठेवून दिल्या. बीपची ही परीक्षा फसवी आहे. वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी बहुतेक मीटर बीप देतात, कारण तपासताना ते अगदी किरकोळ करंट सोडतात. सर्व्होला लागणाऱ्या करंटखाली तीच वायर काय करते हे त्यावरून कळत नाही.

म्हणून रीतसर भार टाकून पाहिले. वायरीच्या एका टोकाला ५ व्होल्ट दिले, दुसऱ्या टोकाला ४.७ ओहमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला, म्हणजे सुमारे १ अँपिअर वाहतो, आणि दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक मोजला. नव्या वायरीत हा फरक ०.११ व्होल्ट आला. डाव्या एलेरॉनच्या वायरीत तो ०.७४ आला. मग तिचे आवरण ब्लेडने लांबवर चिरून पाहिले. आतले तांबे काळे पडलेले होते, काही तारा बोटांनी चोळताच तुटल्या, आणि हा काळेपणा कनेक्टरपासून आवरणाच्या आतून सरकत वायरीच्या मध्यापर्यंत पोहोचला होता. बाहेरून वायर नवी वाटत होती.

डब्यातील १४ वायरी तपासल्या. पाच वाईट निघाल्या, पण मी चौदाही टाकून दिल्या, कारण आज बरी असलेली पूरग्रस्त वायर पुढच्या पावसाळ्यानंतरही बरी राहील असे मला वाटत नाही. ज्यांच्याकडे २०१९ च्या पाण्यातून वाचवलेले असे सामान अजून आहे, त्यांनी ते विमानात घालण्यापूर्वी एवढी एक चाचणी अवश्य करावी. रेझिस्टर काही रुपयांना मिळतो.

१७ नोव्हेंबर

नव्या जोडणीचा आराखडा ठरला. बॅटरी, ईएससी, मोटर, रिसीव्हर, चार सर्व्हो. याखेरीज काही नाही.

बीईसीबाबत दोन मार्ग होते. वेगळा स्विचिंग रेग्युलेटर घ्यायचा, किंवा स्विचिंग बीईसी आतच असलेला ईएससी घ्यायचा. स्विचिंग प्रकार जास्तीचे व्होल्टेज जाळत नाही, त्यामुळे ५ वॅट देताना त्याच्यात जेमतेम १ वॅटच्या आसपास उष्णता होते. वेगळा रेग्युलेटर घेतला तर ईएससी जळला तरी सर्व्हो चालू राहतात, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र त्यासाठी बॅटरीच्या तारांवर दोन जास्तीचे सोल्डर करावे लागतात आणि ईएससीकडून येणाऱ्या कनेक्टरमधील मधली लाल तार काढून अलग करावी लागते, नाहीतर दोन रेग्युलेटर एकमेकांशी भांडतात. एक किलोच्या शिकाऊ विमानासाठी मी दुसरा मार्ग निवडला, पण ईएससी गरजेपेक्षा मोठा घेतला : माझी मोटर १० इंची प्रोपेलरवर पूर्ण थ्रॉटलला १६ अँपिअर घेते आणि ईएससी ४० अँपिअरचा आहे. तो कधी तापणारच नाही असे पाहिले, तर त्याच्या जळण्याची चिंता बरीच कमी होते.

जायरोवरून भाच्याशी फोनवर बराच वेळ बोलणे झाले. त्याचे म्हणणे असे की जायरो वाऱ्यात विमान सरळ ठेवतो, नवशिक्याचे विमान वाचवतो, आणि आज तो स्वस्त आहे. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी ते नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच की, जायरो एकदा उलट दिशेने बसवला गेला तर तो विमान सरळ करण्याऐवजी प्रत्येक चूक वाढवतो, तो सर्व्होंना अखंड बारीक हालचाल करायला लावून करंट वाढवतो, आणि विमानाचा तोल मुळात चुकलेला असेल तर तो दोष झाकून ठेवतो. आधी विमान जायरोशिवाय हात सोडून सरळ उडाले पाहिजे. ते साधले की जायरो लावायचा की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.

या बोलण्यात गुड बंधूंचा विषय निघाला. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकी भावांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'गफ' नावाचे रेडिओवर चालणारे विमान उडवले. ते आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळात रेडिओ हाच सर्वांत नाजूक भाग होता, आणि नंतरही ठरावीक वारंवारतेच्या क्रिस्टलवर चालणाऱ्या संचांत, मैदानावर दुसऱ्या कोणी तीच वारंवारता सुरू केली तर विमान हातचे जात असे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ही भीती जवळजवळ संपवली. आता नाजूक राहिला आहे तो भाग म्हणजे वीज आणि तिचे सांधे, आणि तो पूर्णपणे आपल्या हाताखाली असतो.

२४ नोव्हेंबर

आजचा दिवस सोल्डरिंगचा. बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरला सोल्डर करताना त्याची जोडीदार बाजू आत घालून ठेवली, म्हणजे प्लास्टिक तापून मऊ झाले तरी आतल्या पिना सरळ राहतात. तार आणि कनेक्टरची वाटी दोन्ही आधी स्वतंत्रपणे कथिलाने माखून घेतली, मग ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एकत्र तापवली. लहान आयर्नने जाड तारेवर खूप वेळ घासत बसण्यापेक्षा मोठ्या आयर्नने तीन सेकंदांत काम संपवणे चांगले. प्रत्येक सांधा थंड झाल्यावर जोर लावून ओढून पाहिला. पॅनल वायरिंगच्या नोकरीत लागलेली ही सवय आहे. हाताने ओढून जो निघतो, तो कंपनाने कधीतरी निघणारच.

तोल साधण्यासाठी बॅटरी पुढे सरकवावी लागली, आणि ईएससी मागे राहिला तर बॅटरीकडच्या तारा वाढवण्याचा मोह होतो. तसे करू नये. बॅटरी आणि ईएससी यांमधली तार जितकी लांब, तितके तिचे इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) जास्त, आणि ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट तोडत असल्याने तेथे व्होल्टेजचे झटके उठतात. ते त्याच्या इनपुटच्या कपॅसिटरना हळूहळू मारतात. लांबवायच्या असतील तर मोटरकडच्या तीन तारा लांबवाव्यात. मी ईएससी बॅटरीला लागून पुढे घेतला, हवा येण्यासाठी नाकात भोक ठेवले आणि त्याच्या दुप्पट आकाराचे भोक मागे पाडले, कारण आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर भोकाचा उपयोग नाही.

ईएससीवरचा छोटा सरकता स्विच कापून त्याच्या तारा सोल्डर करून टाकल्या. दोन रुपयांच्या त्या स्विचमधून रिसीव्हर आणि सर्व्होंची सगळी वीज जात होती. आता एक्सटी६० हाच स्विच आहे. यामुळे बॅटरी लावताच विमान सजीव होते, म्हणून ट्रान्समीटर आधी सुरू करायचा, थ्रॉटल पूर्ण खाली आहे हे पाहायचे आणि प्रोपेलरच्या मागे उभे राहूनच बॅटरी लावायची, हा क्रम विमानाच्या झाकणावर लिहून चिकटवला आहे.

एक्स्टेन्शन फक्त एलेरॉनसाठी दोन, त्याही नव्या, जाड तारेच्या. त्यांचे सांधे सुती दोऱ्याने बांधले.

१ डिसेंबर

अँटेनाची जागा ठरवली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर असते आणि तिचा चौथा भाग म्हणजे ३१ मिलिमीटर. रिसीव्हरच्या अँटेनाचे शेवटचे उघडे टोक बरोबर तेवढे असते आणि खरी अँटेना तेवढीच असते. ते टोक सरळ राहिले पाहिजे, त्याआधीची केबल अलगद वळवली तरी चालते. दोन टोके एकमेकांशी काटकोनात, प्लास्टिकच्या नळीत बसवली.

ट्रान्समीटर रेंज-तपासणीच्या कमी शक्तीवर ठेवून चालत मागे गेलो. ३० मीटरला सर्व ठीक हवे. बाजूने ठीक होते, पण विमानाचे नाक माझ्याकडे वळवले की २४ मीटरलाच एलिव्हेटर अडखळू लागला. तेव्हा बॅटरी आणि मोटर माझ्या आणि अँटेनाच्या मध्ये येत होती, आणि पंखातील कार्बनची नळीही एका टोकाला लागून होती. दोन्ही टोके पंखाच्या मागे, धडाच्या वरच्या बाजूला नेली. त्यानंतर कोणत्याही कोनातून ४० मीटरपर्यंत अडथळा नाही, मोटर चालू असतानाही नाही.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यास मोटर आपोआप थांबवण्याची सोय : प्रोपेलर काढून मोटर अर्ध्या वेगावर ठेवली आणि ट्रान्समीटर बंद केला. मोटर सेकंदाभरात थांबली. ही चाचणी करून पाहिल्याशिवाय फेलसेफ लावला आहे असे मी मानत नाही.

८ डिसेंबर

९ नोव्हेंबरची चाचणी नव्या जोडणीवर. तेच कापड, तशाच काड्या फिरवणे, पण या वेळी दहा मिनिटे. सुरुवात ५.०५ व्होल्ट, सर्वांत खोल खळगा ४.८६. ईएससी ४१ अंश, खोली २७ अंश.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी धुके विरल्यावर साडेनऊला पहिले उड्डाण. जाण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या ड्रोन-नकाशावर शेत हरित क्षेत्रात असल्याची खात्री केली होती. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तेथे ४०० फुटांची मर्यादा आहे आणि आम्ही तिच्या बरेच खाली राहतो. सात मिनिटे उड्डाण, एलिव्हेटरला वरच्या बाजूला दोन टिचक्या ट्रिम (मध्याची बारीक दुरुस्ती), बाकी काही नाही. अर्ध्या थ्रॉटलला काड्या सोडल्या तर विमान सरळ जाते. भाचा मुद्दाम आला होता. ट्रान्समीटर त्याच्या हातात दिल्यावर त्याने न घाबरता चार फेऱ्या मारल्या.

२२ डिसेंबर

उड्डाणापूर्वी शांतपणे उभे राहिलो असता एलिव्हेटरचा सर्व्हो काडी मध्यावर असतानाही गुणगुणत असल्याचे ऐकू आले. अँपिअरमीटर लावला तर तो एकटा सर्व्हो स्थिर उभा राहून ०.३ अँपिअर घेत होता. निरोगी सर्व्होला स्थिर असताना याच्या पासंगालाही करंट लागत नाही. पुशरॉड, म्हणजे सर्व्होची हालचाल एलिव्हेटरपर्यंत नेणारी नळीतली तार, सर्व्होपासून सोडवून बोटांनी सरकवला. थंडीत त्याची प्लास्टिकची नळी आखडून एका वळणावर तार घट्ट धरत होती. सर्व्हो त्या घर्षणाशी सतत झुंजत होता आणि आपली नेमकी जागा गाठू शकत नव्हता.

नळीचे वळण मोकळे केले, गुणगुण थांबली. इलेक्ट्रॉनिक्सच्या वहीत बिजागरी आणि पुशरॉडची नोंद येते ती यासाठी : पुशरॉड सोडवल्यावर एलिव्हेटरसारखा हलता भाग स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. पडत नसेल तर त्याची किंमत बीईसी चुकवतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी अर्धा मिनिट काही न हलवता नुसते ऐकायचे, हे झाकणावरच्या क्रमात वाढवले आहे.

५ जानेवारी २०२५

टेलिमेट्री काढल्यामुळे बॅटरी किती उरली हे हवेत कळत नाही, हा भाच्याचा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर घड्याळ आणि चार्जर यांतून काढले. बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि तिच्यातील ८० टक्क्यांहून जास्त, म्हणजे १७६० पेक्षा जास्त वापरायचे नाही. आठ मिनिटांच्या सहा उड्डाणांनंतर चार्जरने परत भरलेले आकडे ११९० ते १३४० च्या दरम्यान आले. म्हणून ट्रान्समीटरचा टायमर आठ मिनिटांवर कायम केला. उतरल्यावर प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या वर सापडतो.

आठवडाभर उडवायचे नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी तशीच कपाटात राहिली की फुगते, आणि फुगलेल्या बॅटरीला मी विमानात जागा देत नाही.

१९ जानेवारी, रविवार

शेतमालकाने मंगळवारी सरी सोडणार असल्याचे सांगितले, त्यामुळे या शेतातील हे शेवटचे उड्डाण. फेरजुळणीनंतरचे हे एकविसावे. पश्चिमेचा वारा थोडा जास्त होता, तरी विमान वळणात डगमगले नाही. घरी येऊन ८ डिसेंबरची चाचणी पुन्हा घेतली : सर्वांत खोल खळगा ४.८५ व्होल्ट. दोन्ही एलेरॉन एक्स्टेन्शन काढून १ अँपिअरवर मोजल्या, ०.११ आणि ०.१२.

भाच्याने स्वतःच्या विमानाचे धड कापायला घेतले आहे. काल त्याने जोडणीचा आराखडा पाठवला, त्यात जायरो नाही. ईएससी मात्र लिनिअर बीईसीचा निवडला होता. तो बदलायला सांगितला आहे, आणि जुना ४.७ ओहमचा रेझिस्टर त्याच्यासाठी डब्यातून काढून ठेवला आहे.